महागडा दिवा, स्वस्त चोरी

मोटारीचा मागचा दिवा ही एके काळी अगदी किरकोळ वस्तू होती. काच फुटली तर काच बदलावी, बल्ब गेला तर बल्ब बदलावा, एवढ्यावर काम भागत असे. अमेरिकेत आता हेच दिवे चोरीस जाऊ लागले आहेत. रात्री घरासमोर उभा केलेला पिकअप ट्रक सकाळी जागेवरच असतो. नाहीसे झालेले असतात ते त्याचे मागचे दोन दिवे.

या चोरीचे मूळ दिव्याच्या बदललेल्या रूपात आहे. फोर्ड कंपनीची एफ मालिका १९७७ पासून अमेरिकेत सर्वाधिक खपणारी ट्रकमालिका आहे. तिच्यातील एफ-१५० या ट्रकच्या २०१५ च्या नमुन्यापासून, महागड्या प्रकारांत, मागून येणाऱ्या वाहनाची सूचना देणारे रडार दिव्याच्याच खोक्यात बसविण्यात आले. धातूच्या पत्र्यातून रडारच्या लहरी जात नाहीत, प्लॅस्टिकमधून जातात. तेव्हा अभियंत्यांचा निर्णय तर्काला धरूनच होता. परंतु त्यामुळे एका दिव्याची किंमत हजार डॉलरच्या घरात गेली. तो काढण्याची रीत मात्र जुनीच राहिली. मागची फळी पाडावी, दोन स्क्रू सोडवावेत आणि दिवा ओढून घ्यावा. किंमत यंत्राची, पण बंदोबस्त काचेचा, असा हा प्रकार आहे.

मग हा माल घेतो कोण? ज्याचा दिवा फुटला किंवा चोरीस गेला तोच. नव्या दिव्याची किंमत ऐकून तो जुन्या मालाच्या बाजाराकडे वळतो आणि स्वस्तात मिळालेला दिवा कोठून आला याची फारशी चौकशी करीत नाही. अशा रीतीने चोरी आपले गिऱ्हाईकही स्वतःच निर्माण करते. विम्याचा आधारही तोकडाच पडतो. नुकसानीतील पहिले पाचशे किंवा हजार डॉलर मालकाने सोसावेत, अशी अट तेथे सर्रास असते. सुतार, नळकारागीर अशांना ट्रक हे उपजीविकेचे साधन असते. त्यांच्यावर हा भार अधिक जाणवणारा आहे.

यावर विशेष खाचेचे स्क्रू आणि फळीचे कुलूप असे उपाय सुचविले जातात. ते दिव्याच्या मानाने पुष्कळ स्वस्त आहेत. परंतु एकाने कुलूप लावले की चोर शेजाऱ्याकडे वळतो. एअर्स आणि लेविट या अभ्यासकांनी १९९८ मध्ये मोटारीत लपविलेल्या शोधयंत्राविषयी नेमका हाच भेद दाखविला होता. ते यंत्र कोणत्या गाडीत आहे हे चोराला कळत नाही, म्हणून त्याचा लाभ सर्वांना होतो. दिसणारे कुलूप चोरी थांबवीत नाही, केवळ दुसरीकडे ढकलते.

तेव्हा उपाय कारखान्यातच व्हावयास हवा. अमेरिकेने १९८४ मध्ये कायदा करून, ज्या गाड्यांची चोरी अधिक होते त्यांचे इंजिन, दारे, बंपर अशा भागांवर ओळखक्रमांक घालणे सक्तीचे केले. त्या यादीत दिवा नाही, कारण तेव्हा तो मोलाचा नव्हता. शिवाय चोरीनंतर विकला जाणारा नवा दिवा बहुधा कारखानदाराचाच असतो. त्याने आपण होऊन खर्च करावा असे आर्थिक कारण नाही. दिवा मूळ गाडीतच चालेल अशी इलेक्ट्रॉनिक योजना करता येईल. पण तिने जुन्या मालाचा प्रामाणिक बाजारही बुडेल. त्यापेक्षा ओळखक्रमांकाची सक्ती अधिक न्याय्य ठरेल.

भारतातही आता रडार बसविलेल्या मोटारी विकल्या जात आहेत. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा येथे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे. परंतु ज्या वस्तूवर कोणतीच खूण नाही, ती चोरीची आहे हे सिद्ध कसे करावयाचे? कायद्याचे हात लांब असतात हे खरे. पण वस्तू ओळखता आली तरच ते तिच्यापर्यंत पोहोचतात.