टाकीतल्या जंतूंना काम करू द्या

गेल्या आठवड्यात एका गृहस्थांनी विचारले, "डॉक्टर, संडासाच्या टाकीचा वास येतो. ॲसिड ओतू, की दुकानात मिळणारी जंतूंची पावडर टाकू?" घरात दोघांना जुलाब चालू होते.

मी म्हणालो, दोन्ही नको.

जंतू म्हटले की आपल्याला रोगच आठवतो. पण मैला संपवतात तेही जंतूच. बंद टाकीत हवेशिवाय जगणारे जिवाणू मैला कुजवतात. त्याचे पाणी आणि गॅस होतो, थोडा गाळ उरतो. हे जिवाणू आपल्या मैल्याबरोबरच टाकीत येतात, विकत आणावे लागत नाहीत. बाटलीभर ॲसिड ओतले की ते मरतात आणि मैला तसाच साचतो. संडासाचे भांडे ब्रशने घासावे, तेवढे पुरते.

टाकीतून बाहेर पडणारे पाणी निवळ दिसले तरी त्यात कावीळ, विषमज्वराचे जंतू आणि जंतांची अंडी असू शकतात. ते शोषखड्ड्यातच सोडावे. तिथे मातीतले जिवाणू उरलेली घाण संपवतात. खड्डा विहिरीपासून, बोअरपासून निदान ६० फूट दूर हवा. या गृहस्थांनी पाणी सोडले होते गटारात, आणि नळाचा पाइप त्याच गटारातून गेलेला!

आपल्या वेळापुरात माउलींची पालखी मुक्कामी असते, तुकोबांचे देहूही सर्वांना ठाऊक. त्या देहूच्या सरकारी दवाखान्यात १९५९ साली डॉ. मापुसकर रुजू झाले. पोटाचे तेच ते रोगी पुन्हा येतात हे पाहून त्यांनी संडास बांधायला घेतले. पहिले संडास पावसात ढासळले, तरी त्यांनी काम सोडले नाही. पुढे त्यांनी संडासाला जोडलेले 'मलप्रभा' गॅस संयंत्र तयार केले. जिवाणूंनी केलेल्या गॅसवर चूल पेटू लागली. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. इंजेक्शन देणे यापेक्षा फार सोपे, हे स्वतःवरून सांगतो.

मात्र टाकीतला विषारी वायू जीवही घेतो. दर दोन-तीन वर्षांनी उपसायची गाडी बोलवा, माणूस आत उतरवू नका. २०१३ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. कोणी आत कोसळलाच, तर वाचवायला मागोमाग उतरू नका. अग्निशमन दलाला बोलवा.