बॅरल बदलले की सूर जुळतो?

मे महिन्यातली वरात. सास्तूरच्या रस्त्यावर दुपारी चारचे ऊन, पुढे गाड्यावर कीबोर्ड आणि स्पीकर, त्यांच्यामागे बँडमध्ये उरलेले एकुलते एक क्लॅरिनेट. ते कीबोर्डपेक्षा सतत थोडे चढे लागत होते. चहाला थांबल्यावर वाजवणाऱ्या मास्तरांनीच विषय काढला. "सर, दुकानदार म्हणतोय भारी लाकडाचं बॅरल घाला, आवाजबी गोड होईल अन् सूरबी जुळंल. एका लग्नाची बिदागी जाईल. घेऊ का?"

बॅरल म्हणजे माउथपीस आणि मुख्य नळी यांच्यामधला साधारण साडेसहा सेंटिमीटरचा तुकडा. त्याकडे वळण्याआधी सूर चढतो का, ते पाहू. हवेत आवाजाचा वेग तापमानागणिक वाढतो. दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर. २५ अंशांना तो ३४६ मीटर असतो, ४० अंशांना ३५५. म्हणजे अडीच टक्के वाढ, आणि नळीतला सूरही त्याच प्रमाणात चढतो. शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये अंतर असते सुमारे सहा टक्क्यांचे. फुंकरीची ऊब नळीत एरवीही असते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक याहून कमी पडतो. पण कीबोर्डला ऊन लागत नाही, त्याचा सूर जागचा हलत नाही. बेसूर ठरते ते क्लॅरिनेट.

यावर वादक करतात तो उपाय म्हणजे बॅरल थोडे बाहेर ओढणे. नळी लांबते, सूर उतरतो. गोम अशी की सगळे सूर सारखे उतरत नाहीत. बोटे उचललेली असताना आवाजाच्या दृष्टीने नळी जेमतेम २५ सेंटिमीटरची असते, सगळी भोके बंद केल्यावर ती ६०च्या घरात जाते. दोन मिलिमीटर ओढले तर आखूड नळीचा सूर ०.८ टक्के उतरतो आणि लांब नळीचा ०.३ टक्के. मधले सूर जुळवावेत तर खालचे चढेच राहतात. लांब बॅरल विकत घेतले तरी हे गणित बदलत नाही. ओढल्यावर आत पडणारी खाच तेवढी टळते. काही बॅरलची आतली पोकळी निमुळती असते. त्याने खालच्या आणि वरच्या सप्तकातले अंतर थोडे सुधारू शकते किंवा बिघडूही शकते, ते त्या-त्या वाद्यावर ठरते. म्हणून आपल्या वाद्याला लावून, वाजवून पाहिल्याशिवाय बॅरल घेऊ नये.

आणि लाकूड? अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जॉन बॅकस यांनी १९६४ साली सुषिर वाद्यांच्या भिंतीच्या कंपनांचा आवाजात किती वाटा असतो ते तपासले. तो नगण्य निघाला. जॉन कोल्टमन यांनी १९७१ साली चांदी, तांबे आणि लाकूड यांच्या बासऱ्या ऐकवल्या, तेव्हा ऐकणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही. वाजते ती आतली हवा. पोकळीचे माप, भोकांच्या कडा, आतला गुळगुळीतपणा हे सारे महत्त्वाचे. महाग लाकडाचे बॅरल चांगले वाजले तर बहुधा कारागिराने ते नीट कोरलेले असते म्हणून. दुकानदार मात्र लाकडाचे पैसे घेतो.

खरा फरक पडतो तोंडाजवळ. रीड आणि माउथपीसचे टोक यांच्यामधली फट, आतल्या पोकळीचा आकार, रीडची जाडी यांत केसभर बदल झाला तरी आवाज पातळ होतो किंवा भरतो, सूर चढतो किंवा पडतो. मेरठहून येणाऱ्या वाद्यांवर बँडवाले वर्षानुवर्षे वाजवतात. त्यांनी खर्च करायचाच तर आधी बऱ्या माउथपीसवर करावा. त्याहून जवळचा भाग वादकाच्या शरीरातच आहे. ओठांची पकड आणि घशातली पोकळी बदलून सूर वाकवता येतो, हे सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजून दाखवले आहे. आपल्याला पुराव्यासाठी इतके लांब जायला नको. रायचूरच्या पं. नरसिंहलू वडवाटींनी चाव्यांच्या या विलायती वाद्यावर ख्याल वाजवला.

रीड बांधायच्या पट्टीवर आणि खालच्या भोंग्यावर पैसे घालवू नयेत. पट्टी रीड घट्ट व सारखी धरते ना, एवढे पुरे. भोंग्याचा परिणाम मुख्यतः जवळपास सगळी भोके बंद असतानाच्या सुरांवर होतो.

मास्तरांचे वाद्य मी हातात घेतले. वरच्या तुकड्याची भोके बोटांनी दाबली, खालचे तोंड तळहाताने बंद केले आणि वरून हवा ओढली. ओढ टिकायला हवी होती. ती लगेच सुटली. दोन चाव्यांखालचे पॅड वाळून चिरले होते. हवा अशी निसटत असेल तर सोन्याचे बॅरल लावूनही उपयोग नाही. माउथपीसच्या आत वाळलेल्या थुंकीचा थर होता. तो कोमट पाण्याने धुवावा, कढत पाण्याने एबोनाइट वाकते. रीड पुसून, वाळवून ठेवावी आणि एकाचे माउथपीस दुसऱ्याने तोंडाला लावू नये, हे आरोग्यासाठीही बरे.

पॅड बसवून घ्यायचे ठरले. वरातीपुरता उपाय कीबोर्डवाल्या पोराकडे होता. त्याने सेटिंगमध्ये जाऊन ४४०चे ४४५ केले, म्हणजे कीबोर्डच एक टक्क्याहून थोडा अधिक वर चढवला. मास्तरांनी बॅरल परत आत दाबले आणि पुढचे गाणे सुरू केले.