मोडीतले जहाज

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

आमच्या शुक्रवार पेठेतल्या वाड्याच्या बोळात दोन वर्षे एक मोटारसायकल उभी होती. चाकांतली हवा गेलेली, सीटवर मांजरीने संसार थाटलेला आणि टाकीवर धुळीचा थर. ती माझ्या मामांची. मामा २०२३ साली गेले. त्यानंतर तिला कोणी हात लावला नाही. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आईने भंगारवाल्याला बोलावले. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि किलोचा भाव सांगितला. मामी उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "अहो, त्यात जहाज आहे." भंगारवाला हसला नाही. एवढेच म्हणाला, "असू दे की अक्का. जहाज असलं तरी लोखंडच ना!"

त्या वाक्याला काय उत्तर द्यावे हे त्या दिवशी आम्हा कोणालाच सुचले नाही. ते शोधता शोधता जे वाचले, विचारले आणि पाहिले, ते येथे मांडीत आहे.

मामी म्हणाली ते खरे होते. मामा नौदलात होते आणि ऐंशीच्या दशकात काही वर्षे 'विक्रांत'च्या बॉयलरखान्यात कामाला होते. समुद्रापासून दूर असलेल्या आमच्या कोरड्या सोलापुरात बसून ते त्या जहाजाच्या गोष्टी सांगत. त्यांतली त्यांची आवडती गोष्ट त्यांच्याही आधीची होती. १९७१च्या युद्धात 'विक्रांत'च्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेले होते, आणि उरलेल्या तिघांच्या वाफेवर ती बंगालच्या उपसागरात गेली. तिच्यावरून उडालेल्या विमानांनी ४ डिसेंबरपासून कॉक्स बाझार आणि चितगाववर हल्ले केले. मामा म्हणत, "वैमानिकांची नावं सगळ्यांना ठाऊक असतात. वाफ कोणी धरून ठेवली ते विचार."

या जहाजाची जन्मकथाही मोठी गमतीची आहे. १९४३ साली इंग्लंडमध्ये 'हर्क्युलिस' या नावाने त्याची बांधणी सुरू झाली. सप्टेंबर १९४५मध्ये ते पाण्यात उतरले, पण तोवर युद्ध संपले होते, म्हणून काम अर्धवटच राहिले. १९५७ साली भारताने ते विकत घेतले, बेलफास्ट येथे पुरे करून घेतले आणि ४ मार्च १९६१ रोजी ते 'विक्रांत' झाले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ते सेवेतून निवृत्त झाले. पुढे काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून लोकांनी ते पाहिले. २०१२मध्ये सुरक्षिततेच्या कारणाने तेही बंद झाले. न्यायालयात दाद मागून झाली, पण अखेर सुमारे साठ कोटी रुपयांना ते विकले गेले आणि २०१४च्या अखेरीस मुंबईच्या दारुखान्यात मोडायला सुरुवात झाली. जहाजाचे वजन ढोबळमानाने सोळा हजार टन धरले, तर हा भाव किलोला चाळीस रुपयांच्या आतबाहेर पडतो. आमच्या भंगारवाल्याचा हिशेब दारुखान्याच्या हिशेबाहून फारसा वेगळा नव्हता, हे पाहून मला जरा धक्काच बसला.

त्या मोडीतले काही पोलाद बजाज ऑटोने घेतले, वितळवले आणि २०१६ साली बाजारात आणलेल्या 'व्ही' या मोटारसायकलीच्या पेट्रोलच्या टाकीत वापरले. मामांनी त्याच वर्षी ती गाडी घेतली. पहिल्या दिवशी त्यांनी टाकीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. आई म्हणाली, "दादा, टाकी तापलीय का?" मामा म्हणाले, "नाही, गारच आहे."

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. मोडलेल्या जहाजाच्या धातूची आठवणवस्तू कशी होते? मला तिचे तीन मार्ग दिसले. त्यांना मी आपल्या स्वयंपाकघरातली आणि कारखान्यातली साधी नावे देतो: कापणे, लाटणे आणि ओतणे.

कापणे सर्वांत सोपे. गॅसच्या ज्योतीने पत्र्याचा तुकडा कापायचा, कडा घासायच्या आणि तो तसाच ठेवायचा. त्यावरचा रंग, रिव्हेटांची भोके, गंजाचे खड्डे सारे शाबूत राहते. मुंबईत लायन गेटसमोर २०१६ साली उभारलेले 'विक्रांत'चे स्मारक शिल्पकार अर्झान खंबाटा यांनी जहाजाच्या अशा भंगारातूनच घडवले आहे. गोल खिडकीची पितळी चौकट, झडपेचे चाक, घंटा, नावाची पाटी या वस्तूही याच वर्गात येतात. त्यांना फक्त उजळा द्यावा लागतो.

लाटणे म्हणजे जाड पत्र्याच्या पट्ट्या कापून, भट्टीत लाल करून, रुळांखाली त्यांच्या सळया करणे. येथे धातू वितळत नाही, केवळ आकार बदलतो. कणीक तीच, पोळीऐवजी शेवया. मोडलेल्या जहाजांचे बरेचसे पोलाद या वाटेने जाते आणि कोणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये मुकाट्याने बसते. त्या घराच्या मालकाला आपल्या डोक्यावर जहाज आहे याचा पत्ताही नसतो.

तिसरा मार्ग ओतण्याचा. पोलाद वितळायला पंधराशे अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते, म्हणून ते मोठ्या कारखान्याचे काम. पितळ मात्र नऊशे-साडेनऊशे अंशांत पाणी होते आणि लहान भट्टीतही साधते. म्हणूनच जगभर जहाजांच्या ओतीव आठवणवस्तू बहुधा पितळेच्या, तांब्याच्या किंवा काशाच्या आढळतात. ओतारी काय करतो ते समजून घेण्यासारखे आहे. बारीक, किंचित ओलसर वाळूत नमुना दाबून तो साचा करतो. थंड होताना पितळ शंभराला दीडच्या प्रमाणात आटते, म्हणून नमुना थोडा मोठा ठेवतो. मुशीत पितळ वितळू लागले की वर टाकणखार किंवा काचेचा चुरा पसरतो. कारण पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, आणि जस्त ९०७ अंशांनाच उकळून पांढऱ्या धुराच्या रूपाने पळू लागते. तो धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. उडालेले जस्त भरून काढायला ओतारी शेवटी थोडे नवे जस्त टाकतो. म्हणजे जहाजाच्या पितळेतून ओतलेल्या समईतही थोडे 'बाहेरचे' मिसळतेच. जुन्या पत्र्यावरचा रंग तर आधी खरवडून काढलाच पाहिजे. त्यात शिसे असू शकते आणि ज्योतीखाली ते हवेत जाते.

येथे खरी अडचण उभी राहते. कापलेला तुकडा आपली ओळख स्वतःच सांगतो. ओतलेली वस्तू सांगत नाही. ती जहाजाची आहे हे आपण कोणाच्या तरी शब्दावर मानतो. इंग्रज सेनानी नेल्सनचे एके काळचे जहाज 'फूद्रॉयां' १८९७ साली ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटले. त्याच्या तांब्याची पदके करून विकली गेली, आणि हे तांबे त्या जहाजाचे आहे अशी अक्षरे प्रत्येकावर उमटवलेली होती. ती अक्षरे पुसली तर उरते तांब्याची चकती. याउलट 'व्हिक्टोरिया क्रॉस' हे पदक क्रिमियाच्या युद्धात रशियनांकडून जिंकलेल्या तोफांच्या धातूचे असते, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. तपासणीत त्यासाठी वापरलेल्या तोफा चिनी बनावटीच्या निघाल्या. म्हणून कोणी शूर वीर कमी शूर ठरला नाही. पण धातूची गोष्ट आणि धातू या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एवढे त्यातून कळते.

मग धातूला स्वतःची आठवण मुळीच नसते काय? असते, आणि हे वाचताना मला सर्वांत नवल वाटले. पोलाद करताना वितळलेल्या लोखंडातून हवा किंवा प्राणवायू फुंकतात. जुलै १९४५मध्ये पहिला अणुस्फोट झाला आणि पुढच्या चाचण्यांमुळे हवेत किरणोत्सर्गी कण मिसळले. ते सूक्ष्म प्रमाणात नव्या पोलादात उतरले. त्यामुळे अतिशय नाजूक किरणमापक उपकरणांसाठी १९४५पूर्वीचे पोलाद शोधले जाऊ लागले. १९१९ साली स्कॅपा फ्लो येथे जर्मनांनी स्वतःच बुडवलेल्या युद्धनौकांचे पत्रे त्यासाठी वर काढले गेले. १९६३च्या करारानंतर हवेतल्या चाचण्या कमी झाल्या, म्हणून आज ती गरज बरीच ओसरली आहे. 'विक्रांत'चा सांगाडा १९४३ ते १९४५ या काळातला. म्हणजे त्याचे बरेचसे पत्रे अणुयुगाच्या उंबरठ्याअलीकडचे असणार. परंतु पोलाद पुन्हा वितळवले आणि त्यातून पुन्हा हवा फुंकली, की हे वेगळेपणही जाते. धातूची आठवण ज्वाळेत पुसते. मग ती माणसांनी सांभाळायची.

आणि माणसे ती नेहमी सांभाळतातच असे नाही. याला आपले सोलापूरच साक्षी आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली येथेच झाला. त्यांच्या सिंदिया कंपनीचे 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. त्याच दिवसाची आठवण म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन १९६४पासून पाळला जातो. ते जहाज १९२३ साली मुंबईतच मोडले गेले. दिवस राहिला, जहाज गेले. अलीकडे 'विराट'ही त्याच वाटेने गेली: २०१७ साली निवृत्त, २०२० साली अलंगच्या किनाऱ्यावर. प्रत्येक जहाज जपणे परवडत नाही हे मान्य करावे लागते. पण म्हणूनच जो तुकडा राहतो त्याची गोष्ट खरी आणि पुरी असावी. तिच्यात जहाज मोडणाऱ्या मजुराचाही उल्लेख असावा. अस्बेस्टॉस, विषारी रंग, अंगावर कोसळणारे पत्रे यांच्यामध्ये तो काम करतो. जहाजे सुरक्षितपणे मोडण्याविषयीचा हाँगकाँग करार जून २०२५मध्ये अमलात आला. आपल्याकडे त्यासाठी २०१९चा कायदा आहे. मामा वाफेविषयी जे विचारीत, तेच येथेही विचारता येईल.

आता आमच्या गाडीविषयी. घरात दोन पक्ष पडले. भाऊ म्हणाला, टाकी वितळवून एखादी छोटी मूर्ती करू. मी त्याला पंधराशे अंश सांगितले. आई म्हणाली, सगळेच देऊन टाका, दादांचा फोटो आहे की भिंतीवर. मामी दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने फळीवरून पणजीची तांब्याची घागर खाली काढली. तिच्या काठावर ठोक्याठोक्यांनी नाव घातले आहे, खाली लग्नाचे साल. आमच्या घरात पणजीचा फोटो नाही. ती होती हे त्या ठिपक्यांवरूनच कळते.

कागदपत्रांचे सोपस्कार उरकून गाडी मोडीत दिली, टाकी ठेवून घेतली. पेट्रोल काढून, आत पाणी भरून, चांगली धुऊन दोन दिवस उन्हात पालथी ठेवली; त्याशिवाय तिच्याजवळ कोणी ठिणगीही नेऊ नये. भांड्यांवर नावे घालणाऱ्या म्हाताऱ्याकडे मी ती घेऊन गेलो. टाकी पाहून ते म्हणाले, "पत्रा पातळ आहे, ठोका जपून द्यावा लागेल. काय घालायचं?" मामीने चिठ्ठीवर लिहून दिले होते ते मी वाचून दाखवले: जहाजाचे नाव, मामांचे नाव, बॉयलरखाना.

भंगारवाल्याने टाकीचे वजन वजा करून पैसे दिले. हिशेब चोख होता.