मोर्चा, पदवी आणि नोकरी

कोलकात्याच्या फोर्ट विल्यमच्या नावाने 1800 साली लॉर्ड वेलस्लीने एक कॉलेज काढलं होतं. "पोरं मोर्चे काढत फिरतात, मग नोकऱ्या कुठून लागणार?" हा आपल्याकडचा लाडका प्रश्न. त्याची बरीच उत्तरं या कॉलेजापासून सुरू होणाऱ्या याच शहराच्या इतिहासात मिळतात.

गैरसमज : पूर्वीचं शिक्षण चोख होतं, म्हणून शिकलं की नोकरी मिळायची.

वस्तुस्थिती : फोर्ट विल्यम कॉलेजात नोकरी आधी मिळे, शिक्षण मागाहून. विद्यार्थी म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत लागलेले कोवळे इंग्रज. त्यांना कारभारासाठी इथल्या भाषा शिकवायच्या होत्या. मराठी शिकवायला विल्यम केरी आणि त्यांच्या हाताशी वैजनाथ पंडित. त्या खटपटीतून 1805 साली मराठीचं व्याकरण निघालं आणि 1810 साली मोडी खिळ्यांत छापलेला कोश.

आपल्या मुलांसाठी विद्यापीठं आली ती 1857 मध्ये. कलकत्त्याच्या पहिल्या बी.ए. परीक्षेत, 1858 साली, दोघेच पास झाले, तेही कृपागुण देऊन! त्यांतले एक बंकिमचंद्र. त्याच वर्षी ते डेप्युटी मॅजिस्ट्रेट झाले. मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधरही चारच, 1862 चे. रानडे आणि भांडारकर त्यांतले. पदवीधर बोटांवर मोजण्याइतके, म्हणून नोकरी दाराशी चालत येई. आज एकेका विद्यापीठातून दरवर्षी हजारो पदवीधर बाहेर पडतात. हा हिशेब घोषणाबाजीच्या खात्यावर मांडून जुळत नाही.

गैरसमज : आंदोलनांनी शिक्षणाचं फक्त नुकसानच होतं.

वस्तुस्थिती : वंगभंगाच्या म्हणजे बंगालच्या फाळणीच्या वेळी, ऑक्टोबर 1905 मध्ये, सरकारचं कार्लाइल परिपत्रक निघालं. मुलं राजकीय सभांना गेली तर शाळांचं अनुदान आणि शिष्यवृत्त्या बंद, अशी धमकी त्यात होती. त्यावरून रंगपूरमध्ये मुलांना दंड झाला. तो भरायचा नाही असं ठरलं आणि नोव्हेंबरात तिथे वेगळी राष्ट्रीय शाळा उभी राहिली. पुढच्या वर्षी कोलकात्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद स्थापन झाली. तिच्या कॉलेजचे प्राचार्य म्हणून बडोद्याहून अरविंद घोष आले. त्याच वर्षी, 1906 मध्ये, बंगाल टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. पुस्तकी विद्येबरोबर हाताला काम शिकवणारी ही संस्था वाढत गेली, 1921 मध्ये तिथे केमिकल इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम आला आणि 1955 मध्ये याच परंपरेतून जादवपूर विद्यापीठ झालं. आज नोकऱ्यांसाठी आणि आंदोलनांसाठी सारखंच नाव असलेलं हे राज्य विद्यापीठ मुळात एका चळवळीचंच अपत्य आहे.

गैरसमज : एकदा कॉलेजातून काढलं की आयुष्य संपलं.

वस्तुस्थिती : 1916 मध्ये प्राध्यापक ओटन यांना झालेल्या मारहाणीच्या प्रकरणात सुभाषचंद्र बोस यांना प्रेसिडेन्सी कॉलेजातून काढून टाकलं. पुढे स्कॉटिश चर्च कॉलेजने त्यांना प्रवेश दिला. 1919 मध्ये ते पहिल्या वर्गात पदवीधर झाले, 1920 मध्ये आय.सी.एस. परीक्षेत चौथे आले आणि 1921 मध्ये ती नोकरी त्यांनी स्वतःच सोडली. 1938 मध्ये उस्मानिया विद्यापीठाने 'वंदे मातरम्' म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना काढलं, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना सामावून घेतलं. त्यांतले पी. व्ही. नरसिंह राव पुढे पंतप्रधान झाले.

पण या गोष्टी ऐकून हुरळून जाऊ नये. बोस सुखवस्तू घरातले होते, मधली फुकट गेलेली वर्षं त्यांना परवडली. शेतमजुराच्या मुलाला एक वर्षही परवडत नाही. दोन्ही उदाहरणांत मुलं तरली ती एका संस्थेने लावलेलं दार दुसरीने उघडलं म्हणून.

गैरसमज : मोर्चात जाणाऱ्याला नोकरीची पर्वा नसते.

वस्तुस्थिती : फेब्रुवारी 2023 मध्ये पुण्यात रस्त्यावर बसलेली मुलं एमपीएससीची, म्हणजे सरकारी नोकरीच्या परीक्षेची, तयारी करणारीच होती. नवी वर्णनात्मक परीक्षापद्धत लगेच नको, 2025 पासून लागू करा, एवढीच त्यांची मागणी. आयोगाने ती मान्य केली.

गैरसमज : अंगावर केस पडली की सरकारी नोकरी कायमची गेली.

वस्तुस्थिती : चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये अटक झाली होती का, खटला चालू आहे का, असं विचारलेलं असतं. घाबरून तिथे 'नाही' लिहिण्याचा मोह होतो, आणि खरा घात तिथेच होतो. अवतार सिंग खटल्यात 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माहिती दडवणं हे नोकरी जाण्याचं कारण ठरू शकतं. मात्र तरुणपणी घोषणा देण्यासारखा किरकोळ गुन्हा असेल, तर नेमणूक करणारा तो नजरेआड करू शकतो. खरी माहिती दिली म्हणून नोकरी मिळेलच असं नाही, गुन्ह्याचं गांभीर्य पाहिलं जातं. पण मोर्चात दिलेल्या घोषणेपेक्षा फॉर्मवरचं ते खोटं 'नाही' महागात पडतं.