घाटाचा राजा

सायकल चालविणाऱ्याला चढ दाखवावा लागत नाही; डोळ्यांच्या आधी तो गुडघ्यांना कळतो. सामरवरणीच्या कारखान्यात पाळीला निघालेला कामगार सपाट रस्त्याने सोबत्याशी गप्पा मारीत जातो. तोच सिल्वासाहून दक्षिणेस खानवेलच्या वाटेला लागला, की भूमी उंचसखल होऊ लागते आणि गप्पा आपोआप थांबतात. रोजच्या सायकलस्वाराला सहज जाणवणारा हा जो फरक, त्याच्याच आधारावर सायकल शर्यतींचा एक अत्यंत रंगतदार प्रकार उभा राहिला आहे. डोंगराळ रस्त्यावरची एका दिवसाची शर्यत, हा तो प्रकार होय.

युरोपात हिवाळा ओसरून वसंताची चाहूल लागली, की या शर्यतींचे दिवस येतात. बेल्जममधील लिएज-बास्तोन्य-लिएज ही शर्यत १८९२ साली सुरू झाली. फ्लँडर्सची शर्यत १९१३ पासूनची. तेथील डोंगर आपल्या सह्याद्रीपुढे टेकड्याच म्हणावेत असे आहेत. परंतु त्यांचे चढ आखूड, उभे आणि एकामागून एक येणारे असतात. उई या गावचा प्रसिद्ध चढ जेमतेम सव्वा किलोमीटरचा. पण त्याच्या काही वळणांवर रस्ता शंभर मीटरांत वीस मीटरांच्या आसपास वर जातो. त्यात वसंताचा लहरीपणा भर घालतो. १९८० साली लिएजच्या शर्यतीत भर एप्रिलमध्ये हिमवर्षाव झाला. १७४ स्पर्धक निघाले होते, त्यांपैकी अवघे २१ शेवटपर्यंत पोहोचले. फ्रान्सचा बर्नार इनो नऊ मिनिटांहून अधिक अंतराने जिंकला खरा. पण त्या थंडीने बधिर झालेली त्याची बोटे पुढे कधीच पूर्ववत झाली नाहीत.

महाराष्ट्रात या जातीची शर्यत म्हणून सर्वांच्या तोंडी येणारे नाव मुंबई-पुणे शर्यतीचे. मधूनमधून खंड पडत असला, तरी कित्येक दशकांची परंपरा तिच्यामागे आहे. पनवेल मागे टाकून स्पर्धक खोपोलीपर्यंत येतात, तोपर्यंत सारे कसे सुरळीत असते. मग समोर बोरघाट उभा राहतो. १८३० साली गाडीरस्ता म्हणून खुला झालेला हा घाट खंडाळ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटर उंची चढतो. सायकल आणि स्वार मिळून सत्तर-पंच्याहत्तर किलो वजन धरले, तर एवढे ओझे दीडशेहून अधिक मजल्यांच्या इमारतीवर पायांच्या बळाने चढविण्यासारखे हे काम आहे. घाटमाथा जो प्रथम गाठील, त्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो.

चढावर असे काय बदलते? सपाटीवर स्वाराचा मुख्य शत्रू वारा असतो. ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगात त्याची बहुतेक शक्ती हवा कापण्यातच खर्ची पडते. म्हणून स्पर्धक एकमेकांच्या मागे दाटीने चालतात. पुढच्याच्या आडोशाने मागच्याचे श्रम पुष्कळ वाचतात, आणि दुबळाही सबळाबरोबर निभावून जातो. घाटात वेग निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. वाऱ्याचा जोर सरतो आणि त्याची जागा स्वतःचे वजन घेते. वाऱ्याला अडविता येते; वजनाला आडोसा नाही. शिंगरोबाच्या देवळापाशी येईपर्यंत तो दाट घोळका उसवतो आणि ज्याचा तो एकटा उरतो.

तथापि, घाटाचा राजा पुण्यात पहिला येईलच असे नव्हे. या शर्यतीची खरी गोम येथेच आहे. खंडाळ्यापुढे लोणावळा, कामशेत, तळेगाव, चिंचवड असे साठ-सत्तर किलोमीटर अजून उरलेले असतात. माथ्यावर एकट्याने मिळविलेली दोन मिनिटांची आघाडी पुढे मोकळ्या मावळात वाऱ्याशी झुंजताना वितळू लागते. आणि मागून येणारे दहाजण आळीपाळीने पुढे होत ती गिळून टाकतात. तेव्हा घाटात सर्वस्व ओतावे, की पुण्यासाठी हात राखून असावे, हा निर्णय स्वाराला धाप लागलेली असताना, क्षणार्धात घ्यावा लागतो.

हाच प्रश्न प्रेक्षकांच्याही मनात असतो. अशी शर्यत पाहणे म्हणजे बहुतांशी वाट पाहणेच होय. मंडळी सकाळपासून वळणावळणांच्या कठड्यांवर जागा धरून बसतात. कुणी पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा राहतो, कुणी आपल्या गावच्या पोराची वाट पाहतो. खालून पोलिसांच्या मोटारसायकलींचा आवाज येतो आणि माना एकदम वळतात. झाडीच्या फटीतून एक रंगीत सदरा दिसतो, नाहीसा होतो, पुन्हा वरच्या वळणावर दिसतो. मैदानी खेळात तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाला खेळाडू दुरून दिसतो; येथे त्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो. सारे दृश्य काही मिनिटांत संपते. पण कोण कसा चढला, याची चर्चा पुढे कित्येक दिवस पुरते.

सांगली, पुणे आणि इतर लहानमोठ्या गावांनी महाराष्ट्राला अनेक सायकलपटू दिले. त्यांत साध्या घरांतील मुले पुष्कळ. शर्यतीची चांगली सायकल आज लाखांच्या घरात जाते. खेळातील नावावर रेल्वेत वा सैन्यात नोकरी मिळाली, तर घर उभे राहते. अशा मुलाला घाटाचा किताब म्हणजे नुसती हौस नसते.

१९ ते २३ जानेवारी २०२६ या काळात पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय मान्यतेची ४३७ किलोमीटरांची टप्प्याटप्प्यांची शर्यत झाली. परदेशी संघ मुळशी-मावळच्या चढांवर धावले, तेव्हा जगाच्या तोडीचे घाट आपल्या दारातच आहेत, ही गोष्ट अनेकांच्या प्रथमच ध्यानी आली. त्या दिवसांपुरते रस्ते मोकळे केले गेले. मात्र स्वार एका दिवसात घडत नाही. वर्षाचे उरलेले दिवस तो पहाटेच्या अंधारात, मालमोटारींच्या धुरात, रस्त्याच्या कडेची वीतभर पट्टी धरून त्याच चढांवर सराव करीत असतो. शर्यतीच्या दिवशी टाळ्या वाजविणाऱ्या हातांनी एरवी मोटारीचे चाक धरताना त्या स्वारासाठी हातभर रस्ता सोडला, तर पुढच्या घाटाच्या राजाला तेवढे पाठबळही मोठे होईल.