करवत चांगली, वायर हलकी

ऊस तुटून गेला, बिलाचा हप्ता हाती आला, की वस्त्यांवर लाकूडकाम निघते. कोणाला गोठ्याचे दार करायचे असते, कोणाच्या घराच्या चौकटी राहिलेल्या असतात, तर कोणी बांधावरची बाभूळ तोडून वर्षभर वाळत घातलेली असते. पूर्वी दोन माणसे आरीला धरून घाम गाळीत. आता सुतार मेस्त्री विजेवरची करवत घेऊन येतात आणि दोन दिवसांचे काम दुपारपर्यंत उरकते. आमची तक्रार करवतीबद्दल नाही. ती ज्या वायरीवर चालते त्या वायरीबद्दल आहे.

मागील उन्हाळ्यात एका सभासदांच्या वस्तीवर आमचे जाणे झाले. दोन अश्वशक्तीची सिंगल फेज मोटार बसविलेली लोखंडी टेबलाची करवत चिंचेखाली मांडली होती. घरातल्या प्लगपासून ४० मीटर वायर ओढलेली, तीही दोनच तारांची, मध्ये दोन ठिकाणी चिकटपट्टीचे जोड. लागत होती पंचवीस मीटर. उरलेल्याचे वेटोळे ओट्यावर पडलेले. टोकाला प्लग नव्हताच. उघड्या तारा सॉकेटात घालून काडेपेटीच्या काड्या ठोकलेल्या. करवत चालू केली की नुसती घुमायची, मग कशीबशी पळायची, आणि बाभळीत पाते शिरले की अडकायची. मालक म्हणाले, "साहेब, मोटारच बोगस निघाली. दोनदा भरून आणली." आम्ही त्या वेटोळ्याला हात लावला. हात ठेववत नव्हता.

मोटार बोगस नव्हती. कालव्याचे पाणी टेलला का पोचत नाही हे आपल्या सभासदांना आम्ही सांगायला नको. पाट अरुंद आणि लांब असला की पाणी वाटेतच मुरते. विजेचेही तसेच आहे. ती वायर १ चौ. मि.मी. जाडीची. ४० मीटर जाणे आणि ४० मीटर येणे मिळून ८० मीटर तांबे, म्हणजे सुमारे दीड ओहम अडथळा. करवत साधारण १० अँपियर घेते, तेव्हा १५ व्होल्ट वायरीतच संपतात आणि दीडशे वॉट उष्णता होते. जमिनीवर पसरलेल्या वायरीत ही उष्णता हवेत निघून जाते, पण गुंडाळलेल्या वेटोळ्यात ती कोंडते. वरचे प्लॅस्टिक मऊ पडते, आतल्या तारा एकमेकींना भिडतात, आणि शेजारी पाचट असेल तर पुढचे सांगायला नको.

चालू होतानाचा क्षण याहून वाईट. त्या वेळी मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट मागते. त्यात उन्हाळ्यात मीटरवरच २३० ऐवजी २०० व्होल्ट असतात. मग वायरीत पन्नासहून अधिक व्होल्ट अडकतात आणि मोटारीला दीडशेही मिळत नाहीत. मोटारीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणजे ती निम्म्याखाली आली. म्हणून ती घुमते, तापते आणि जळते. अन् पाते लाकडात अडकले की लाकूड उलटे मेस्त्रींच्या अंगावर येते, ते वेगळेच.

आता वायर कोणती घ्यायची? हातात धरायची सात इंची करवत १२०० वॉटच्या आसपास असते, करंट ५ ते ६ अँपियर. तिला २५ मीटरपर्यंत दीड चौ. मि.मी. पुरे. टेबलाच्या दोन अश्वशक्तीच्या करवतीला १५ मीटरपर्यंत दीड, त्यापुढे ५० मीटरपर्यंत अडीच. त्याहून लांब न्यायचे असेल तर ४ चौ. मि.मी. घ्या, किंवा करवतच मीटरजवळ आणा. लाकूड उचलून आणणे वायरीपेक्षा स्वस्त पडते! दुकानात अजूनही 'तेवीस-शहात्तर', 'चाळीस-शहात्तर' अशी नावे चालतात. त्यातली चाळीस-शहात्तरसुद्धा एक-सव्वा चौ. मि.मी.च भरते, तेव्हा नावावर जाऊ नका. वायरीवर छापलेला आकडा वाचा आणि आय.एस.आय. शिक्का पाहा. पूर्ण तांब्याची, गोल आवरणाची, तीन तारांची केबल मागा आणि तिला १६ अँपियरचा जाड पिनांचा प्लग बसवून घ्या. टीव्ही-मोबाइलचा पांढरा बॉक्स करवतीला लावू नका. वायर लांब असो वा आखूड, काम सुरू करण्यापूर्वी ती पूर्ण उलगडायची.

तिसरी तार कशाला, असे बरेच जण विचारतात. हिरवी किंवा हिरवी-पिवळी तार अर्थिंगची. लोखंडी टेबलात करंट उतरला तर तो या तारेने जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. तार नसेल तर टेबलाला हात लावणाऱ्या माणसातून जातो. दाऱ्यावरून ओल्या पायांनी आलेला माणूस असला तर संपलेच. काही हातकरवतींवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. तिला दुहेरी इन्सुलेशन असते, म्हणून अर्थिंग लागत नाही. टेबलाच्या करवतीला मात्र हवेच. आणि नुसती तार जोडून भागत नाही. अनेक वस्त्यांवर सॉकेटाच्या तिसऱ्या भोकामागे काहीच जोडलेले नसते. कोळसा-मिठाचा खड्डा कधी काळी केलेला, उन्हाळ्यात पाण्याचा थेंब नाही. परवानाधारक वायरमनकडून तो तपासून घ्या, आणि मीटरजवळ ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवा. त्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. फ्यूजमध्ये जाड तार घालणाऱ्यांना आम्ही काय सांगणार!

एक गोष्ट मात्र आमच्या शेतकऱ्यांनाच सांगावी लागते, कारण सवय आमचीच. पंपाला आपण ऑटो लावतो. लाइट रात्री-अपरात्री आली की पंप आपोआप चालू. करवतीला ऑटो कधीही नको. लाइट गेली, मेस्त्री चहाला गेले, बटण चालूच राहिले. पोराने टेबलावरचा भुसा झाडायला हात घातला आणि लाइट आली, तर? टेबलाच्या करवतीला हिरव्या-लाल बटणांचा साधा स्टार्टर लावा. त्यातली नो-व्होल्ट कॉइल लाइट जाताच सुटते आणि हिरवे बटण पुन्हा दाबल्याखेरीज मोटार फिरत नाही. हातकरवतीचा प्लग लाइट गेल्याबरोबर काढायचा. पंपाच्या कनेक्शनवर करवत चालवू नका, हेही याच ओघात सांगतो. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते.

त्या सभासदांनी पुढच्या बाजाराला अडीच चौ. मि.मी.ची तीन तारांची ३० मीटर केबल आणली. पंचवीस मीटरचे अंतर, तिशीत भागले. मोटार तीच, पाते तेच. वायरमनने पाते लाकडात असतानाच टेबलाजवळ मीटर लावून पाहिला, तेव्हा प्लगपेक्षा जेमतेम पाच व्होल्ट कमी भरले. चौकटी अक्षयतृतीयेच्या आत बसल्या. केबल आता माजघरात उंच खुंटीला टांगलेली असते. खाली ठेवली तर उंदीर लागतात.