एक रात्र आणि तीन महिन्यांची भीती

समजा, आपल्या जिल्ह्यातला एक तरुण आहे. एप्रिलात हापूसच्या पेट्या घेऊन तो वाशीच्या मार्केटात गेला. गाडी खाली झाली. रात्रीचा मुक्काम पडला. सोबत्यांच्या नादाने तो एका अनोळखी बाईकडे गेला. निरोध वापरला नाही. सकाळी गाडी परत फिरली आणि कशेडीपर्यंत येईतो त्याच्या पोटात भीतीचा गोळा उठला. मला एड्स तर होणार नाही ना?

घरी आल्यावर त्याला भाकरी गोड लागेना. बायकोच्या नजरेला नजर देववेना. चार दिवसांनी घसा दुखला. झाले! रोग आलाच, असे त्याने मनाशी धरले.

आता आपण नीट विचार करू. एच.आय.व्ही. हा एक विषाणू आहे. डोळ्यांना न दिसणारा जंतूच म्हणा. शरीराची राखण करणाऱ्या रक्तातल्या पेशी तो मारतो. औषध घेतले नाही तर काही वर्षांनी शरीर दुबळे होते आणि नाना रोग शिरतात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. आपल्या देशात हा विषाणू प्रथम १९८६ साली मद्रासला, म्हणजे आताच्या चेन्नईला सापडला. तो पसरतो निरोधाविना केलेल्या संभोगातून, बाधित रक्तातून, दुसऱ्याला टोचलेल्या सुईतून आणि आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्याने, हात धरल्याने किंवा डास चावल्याने तो होत नाही.

एका वेळच्या संबंधात धोका किती? समोरच्या माणसाला विषाणू आहे, तो औषध घेत नाही आणि निरोधही वापरलेला नाही, असे धरा. तरी बाईकडून पुरुषाला बाधा होण्याची शक्यता १०,००० वेळांत सुमारे ४ असते. पुरुषाकडून बाईला ती सुमारे ८, म्हणजे दुप्पट. गुदमार्गाने संबंध झाला तर तो करून घेणाऱ्याला धोका पुष्कळच जास्त, सुमारे १३८. अंगावर गरमीची जखम असली तर धोका आणखी वाढतो. म्हणजे एका रात्रीने रोग होतोच असे नाही. पण लॉटरीसुद्धा कोणाला तरी लागतेच. म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नये.

पहिले तीन दिवस फार मोलाचे. ७२ तासांच्या आत सरकारी दवाखाना गाठून डॉक्टरांना खरे सांगितले, तर ते धोका पाहून २८ दिवसांच्या गोळ्या देऊ शकतात. त्या गोळ्या विषाणूला शरीरात ठाण मांडू देत नाहीत. जितक्या लवकर सुरू कराल तितके बरे. आपला तरुण चार दिवस घसा चाचपत घरी बसला, तिथेच ही वेळ गेली.

ताप, घसादुखी, अंगावर पुरळ ही लक्षणे बाधेनंतर दोन-चार आठवड्यांनी काहींना होतात, काहींना मुळीच होत नाहीत. पण तीच लक्षणे साध्या पडशाची आणि पावसाळी तापाचीही असतात. शिवाय काळजीनेच छाती धडधडते, भूक मरते, झोप उडते, वजन घटते. मग माणूस म्हणतो, बघा, वजन घटले! आरशात जीभ बघून हा रोग कळत नाही. देवळात कौल लावूनही कळत नाही. रक्त तपासल्यानेच कळतो.

तपासणी केव्हा करावी, हे पाहू. भात पेरल्याबरोबर शेतात रोप दिसत नाही. तसेच इथे आहे. सरकारी केंद्रातली नेहमीची झटपट तपासणी, विषाणूशी लढण्यासाठी रक्तात जी द्रव्ये तयार होतात, ती शोधते. ती तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून लगेच एकदा तपासून घ्यावे आणि तीन महिने पुरे झाल्यावर पुन्हा तपासावे. तेव्हा दोष नाही निघाला, आणि मधे दुसरा धोका पत्करलेला नसला, तर विषय संपला. गोळ्या घेतल्या असतील तर पुढच्या तारखा डॉक्टर सांगतील. रत्नागिरीच्या सिव्हिल हॉस्पिटलात ही तपासणी फुकट होते. तुमची संमती घेऊनच रक्त घेतात आणि निकाल गुप्त ठेवतात. २०१७ सालच्या कायद्याने तसे बंधन आहे. तो कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. केंद्रात जायची लाज वाटली तर आधी १०९७ या नंबरावर फोन करून विचारावे. पैसे पडत नाहीत.

लाजेचे म्हणाल तर ती जुनीच आहे. दापोली तालुक्यातल्या मुरुडच्या कर्वे घराण्यातले रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून या विषयावर उघड लिहिले. लोकांनी त्यांना शिव्या घातल्या, खटले भरले. आपण आजही कुजबुजतोच.

काहींचे उलटे होते. निकाल चांगला येतो, तरी मन मानत नाही. आज या लॅबमध्ये, उद्या त्या लॅबमध्ये. पैसे जातात, भीती जात नाही. अशा वेळी औषध मनाला हवे असते. आपल्याकडे रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचे नाव काढले की लोक हसतात किंवा घाबरतात. मला हे मुळीच पटत नाही. पाय मुरगळला तर आपण डॉक्टरकडे जातोच ना! मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा फुकट फोन २०२२ पासून आहे. त्यावर मराठीत बोलता येते.

आणि दोष निघालाच तर? सरकारी केंद्रात औषध २००४ पासून फुकट मिळते, आणि २०१७ पासून ज्याला बाधा निघेल त्या प्रत्येकाला ते लगेच सुरू करतात. गोळी रोज, न चुकता, जन्मभर घ्यावी लागते. ती नेमाने घेतली की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीतही सापडत नाही. तो तसा राहिला तर संबंधातून जोडीदाराला बाधा होत नाही. माणूस कामधंदा करतो, संसार करतो.

त्या तरुणाच्या बायकोचे काय? शेवटचा निकाल हाती येईपर्यंत त्याने निरोध वापरावा किंवा संबंध टाळावा. ती गरोदर असली तर डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण आईला वेळेवर औषध दिले तर बाळ बहुतेक वाचते. बायांनीही ध्यानात ठेवावे, की नवरा येवो न येवो, शंका असली तर आपण एकटीनेही तपासणीला जाता येते. त्याच खेपेला गरमी आणि परमा यांचीही तपासणी मागून घ्यावी. ते रोग औषधाने बरे होतात.